लाल झाकणाचा जग

"तिथे नदीला नदी म्हणत नाहीत, पाण्याची आई म्हणतात," मधुमती एकदा म्हणाली होती.

म्हणाली तेव्हा ती बर्मिंगहॅममधल्या एका बसस्टॉपवर उभी होती, आणि ज्या देशाबद्दल बोलत होती तो तिने कधी पाहिलेला नव्हता. शेजारी मंडळातल्या शैलाबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, कुठे म्हणतात असं? तर मधुमती म्हणाली, लाओसला. शैलाबाईंना वाटलं, मुलीबरोबर ट्रिपला जाऊन आली असेल. मधुमतीने ते खोडून काढलं नाही. एका अर्थाने ती जाऊन आलीच होती, एका शुक्रवारी दुपारी, दोन बसच्या मधल्या वेळात.

मधुमती मूळची बार्शीची. बार्शीला समुद्र नाही. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, आणि ते आलं की घरातली घागरीपासून तांब्यापर्यंतची सगळी भांडी आपापल्या पाळीने भरून घेतली जायची. लग्न होऊन ती एक्क्याण्णव साली बर्मिंगहॅमला आली. नवरा, यशोधन, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. या शहरालाही समुद्र नाही. कालवे आहेत, काळसर आणि संथ, आपण कुठे निघालो होतो तेच विसरल्यासारखे पुलांखाली थांबलेले. यशोधनने तिला जन्मभर 'अगं' म्हटलं. सहा वर्षांपूर्वी तो गेला आणि ते 'अगं'ही घरातून गेलं. मुलगी अनुया तिला आई म्हणते. हॉस्पिटलात सगळे मॅडी म्हणतात, कारण पहिल्या दिवशी बॅज बनवणाऱ्या मुलीने 'मधुमती' दोनदा उच्चारून पाहिलं, हसली, आणि सरळ मॅडी छापून टाकलं. वडिलांनी हौसेने ठेवलेलं चार अक्षरांचं नाव उरलं ते पासपोर्टात आणि कौन्सिल टॅक्सच्या बिलावर. ते कुणी मोठ्याने म्हटल्याला किती वर्षं झाली, याचा हिशोब तिने कधी ठेवला नव्हता. पण कानाला बहुधा ते ठाऊक असतं.

सतरा वर्षं ती स्ट्रोकच्या वॉर्डात हाउसकीपर आहे. म्हणजे चहा, जेवणाचे ट्रे आणि मुख्य म्हणजे पाणी. सकाळी सातला चोवीस जग विसळून भरायचे आणि ट्रॉलीवर ओळीने लावायचे. निळ्या झाकणाचा जग असेल तर पेशंटने आपलं आपण प्यावं. लाल झाकण असेल तर थांबायचं, नर्सला विचारायचं. स्ट्रोकने ज्यांचा घसा दुबळा होतो त्यांचं पाणी वाट चुकून फुप्फुसात उतरतं. मग नर्स त्यात पावडर ढवळून ते घट्ट करते आणि चमच्याने भरवते. मधुमतीने एकदा ते चाखून पाहिलं होतं. पेजेवरची साय जिभेवर बसावी तसं ते बसलं आणि तहान जिथल्या तिथे राहिली. हिवाळ्यात खिडक्यांबाहेर धुकं असायचं, आणि त्या उजेडात ट्रॉली ढकलताना तिला वाटायचं, आपण एक लांबलचक नदी चोवीस तुकड्यांत वाहून नेतोय आणि प्रत्येक उशाशी तिचा एकेक तुकडा ठेवतोय.

फेब्रुवारीत एके सकाळी खिडकीजवळच्या कॉटवर एक नवी बाई होती. सत्तरीच्या पुढची, लहानखुरी, केस पांढरे आणि सरळ. डोक्यामागच्या बोर्डवर नाव होतं चंपा. पुढे इंग्रजी आडनाव, वारलेल्या नवऱ्याचं. उजवी बाजू लुळी पडली होती, डाव्या हाताला सलाइन पट्ट्यांनी बांधून ठेवलं होतं. अँब्युलन्सवाल्यांनी शेजाऱ्यांकडून ऐकलं होतं की या बाईंचं इंग्रजी फार छान आहे. पण झटका आला आणि पन्नास वर्षांचं इंग्रजी एका रात्रीत पुसलं गेलं. राहिली ती त्याच्या खालची भाषा, आणि ती कोणती हे कुणालाच कळेना. घरात दुसरं कुणी नव्हतं.

सिस्टरने मधुमतीला बोलावलं. चंपा हे इंडियन नाव ना, बघ तुझ्या भाषेतलं काही बोलते का. सतरा वर्षांत तिला असं कुणी काही विचारलं नव्हतं. हातातला लाल झाकणाचा जग छातीशी धरून ती कॉटजवळ गेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "खाव."

मधुमतीचा चेहरा उजळला. "हो, हो, खावा की," ती म्हणाली आणि नर्सला पॉरिज आणायला सांगितलं. बाईंनी चार चमचे खाल्ले. म्हणजे पटलंच. डोळ्यांची ठेवण पाहून मधुमतीने सिस्टरला छातीठोक सांगितलं की ही आपल्याकडचीच, ईशान्येकडची, बहुतेक मणिपूरची. मणिपूर तिने नकाशातसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. सिस्टरने ते फाइलमध्ये लिहून घेतलं. फोनवर हिंदीची दुभाषी बोलावली गेली. बाईंनी तिचं दोन मिनिटं ऐकलं आणि मान भिंतीकडे वळवली. मग मणिपुरीचा दुभाषी मिळतो का म्हणून कुणीतरी ईमेल पाठवली आणि सगळे उत्तराची वाट बघत बसले.

त्याच दिवशी दुपारी मधुमती पुन्हा जग घेऊन गेली तेव्हा बाईंची नजर तिच्या छातीशी खिळली. तिथे जग होता, आणि जगाला लागूनच गळ्यात अडकवलेला बॅज.

"नाम," बाई म्हणाल्या. "नाम."

नाव विचारतेय, मधुमतीला वाटलं. बॅजवरचं मॅडी तिने तळव्याने झाकलं. का झाकलं ते तिलाही सांगता आलं नसतं. वाकून, अक्षर अक्षर सुटं करत ती म्हणाली, "मधुमती."

बाईंनी ओठ जुळवून पाहिले. "मा-तु-मा-ती."

त्या दिवसापासून चंपा तिला हाक मारू लागली. सकाळी सातला ट्रॉलीची चाकं वाजली की मा-तु-मा-ती. जेवणानंतर, झोपेतून जाग आली की मा-तु-मा-ती. दुसरं कुणी आलं तर ओठ मिटून घ्यायची. नर्सेस हसून म्हणायच्या, मॅडी, जा, तुझी मैत्रीण बोलावतेय. मधुमती हातातलं टाकून जायची. उशी सारखी करायची, बाईंचा हात हातात घेऊन बसायची, बार्शीचं सांगायची, यशोधनचं सांगायची. बाई टक लावून ऐकायच्या आणि मध्येच पुन्हा तेच चार तुकडे म्हणायच्या, कधी मऊ, कधी विनवल्यासारखे. कुणाला आपण इतके हवे असतो हे मधुमती विसरून गेली होती. ती अर्धा तास आधीची बस पकडू लागली. अनुयाला तिने रविवारी सांगितलं, माझं पूर्ण नाव घेते गं ती. अनुया म्हणाली, "आई, तू blush करतेस."

नर्स घट्ट पाण्याचा चमचा ओठांशी न्यायची तेव्हा मात्र बाई तोंड फिरवायच्या. जबरदस्तीने दोन थेंब गेलेच तर थुंकून टाकायच्या. नाकातून घातलेली नळी त्यांनी दोनदा ओढून काढली. तक्त्यावर रोज तोच शेरा पडायचा, नकार. हातांच्या शिरा सलाइन घेईनाशा झाल्या. नवव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पॅन्ट्रीत चहा करून घ्यायला समर आला. समर म्हणजे वॉर्डातला रजिस्ट्रार, मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचा डॉक्टर, लंडनच्या एजवेअरमध्ये जन्मलेला, आजी-आजोबा सातारचे. वॉर्डात इंग्रजी बोलायचा, पॅन्ट्रीत मराठी.

"काकू, आज पाच वाजता consultant बरोबर meeting आहे," तो म्हणाला. "तुमची चंपा काही पीतच नाही. तिचा प्रत्येक नोटमध्ये refused लिहिलाय. कधी कधी लोक ठरवतात ना, की बस. मग आपण respect करायचा. Drip काढून तिला comfortable ठेवायचा."

मधुमतीने विचारलं, म्हणजे किती दिवस? समरने चहात दूध घातलं आणि कप घेऊन तो वॉर्डाकडे वळला.

दुपारी दोनला डोरीन नावाची शेजारीण बॅग घेऊन आली. फ्लू झाला होता म्हणून आधी येता आलं नाही, असं ती प्रत्येकाला सांगत होती. बॅगेत नाइटी होती, चष्मा होता, काठावर जर असलेलं एक विणलेलं रेशमी वस्त्र होतं, आणि बांबूची झाकणवाली एक लहानशी टोपली. मधुमतीने टोपली उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, हे मणिपूरचं का? डोरीन म्हणाली, कसलं मणिपूर, चंपा लाओसची. नवरा तिथे रस्त्यांच्या कामावर होता, सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला, तिथून लग्न करून घेऊन आला.

मधुमतीचे कान तापले. सिस्टरपाशी जाऊन तिने सांगितलं की माझी चूक झाली. सिस्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच फोन केले. लाओ भाषेचे दुभाषी देशात थोडे, सोमवारी सकाळी एक बाई फोनवर येईल असं ठरलं. आणि पाचची मीटिंग? ती होईल, सिस्टर म्हणाली, शिरा सोमवारपर्यंत थांबणार नाहीत.

तीनला ड्यूटी संपली. घरी अनुया लॅपटॉप घेऊन बसली होती. शुक्रवारी ती बँकेचं काम घरूनच करते. मधुमतीने कोटही काढला नाही. म्हणाली, मला लाओस दाखव.

अनुयाने नकाशा उघडला आणि वाचू लागली. तिच्या तुटक मराठीतून तो देश सावकाश खोलीत उतरला. चहूबाजूंनी पाच देश, चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड, म्यानमार, आणि समुद्राला कुठूनही वाट नाही. जिकडे बघावं तिकडे हिरवे डोंगर, डोंगरांवर धुकं, आणि पश्चिमेच्या कडेने उतरत जाणारी एक रुंद, मातकट नदी, मेकाँग. कित्येक मैल तीच सीमा, अलीकडे लाओस, पलीकडे थायलंड. राजधानी व्हिएन्तियानसुद्धा नदीला टेकूनच. "आई, नदीला ते लोक मे-नाम म्हणतात," अनुया म्हणाली. "Mother of water. पाण्याची आई." पूर्वी त्या राज्याचं नाव होतं दहा लाख हत्तींचं राज्य. मधुमतीने डोळे मिटले. हत्ती नदीत उतरत होते, एकामागून एक, आवाज न करता.

अनुया वाचत राहिली. एका जुन्या गावात पहाटे भिक्खू अनवाणी ओळीने निघतात, आणि रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसलेल्या बायका त्यांच्या पात्रात भाताचा एकेक गोळा ठेवतात. भात चिकट असतो, वाफवून बांबूच्या टोपलीत ठेवतात, हाताने वळून खातात. मधुमतीला हसू आलं. बार्शीला असा भात झाला असता तर सासूने महिनाभर बोलून दाखवलं असतं. तिथे तो मुद्दाम तसाच करतात. एका पठारावर माणसाहून उंच दगडी रांजण पडलेले आहेत, शेकडो, रिकामे, कुणी आणि कशासाठी घडवले ते नक्की कुणाला माहीत नाही. आभाळाकडे तोंड करून दोन हजार वर्षं उभे. मधुमतीने मनातल्या मनात ते भरायला घेतले. आणि त्यांच्या अधेमधे मातीत गाडलेले बाँब, पन्नास-साठ वर्षांपूर्वी विमानांनी टाकलेले, न फुटलेले, अजून शेतकऱ्यांच्या कुदळीला लागणारे. चंपा बहुधा याच आभाळाखालून निघून आली असणार. तिथलं राष्ट्रीय फूल कोणतं, तर चाफा. "डोक चंपा," अनुयाने वाचलं. "आणि हे बघ, basic words आहेत. मे, mother. खाव म्हणजे rice. नाम म्हणजे water."

ती पुढे वाचत होती. मग तिच्या लक्षात आलं की आई उभी राहिली आहे.

"काय म्हणालीस?"

"नाम. Water. मे-नाममधला नाम. आई? काय झाला?"

मधुमती खाली बसली. खोलीतून हत्ती गेले, रांजण गेले. राहिली ती एक कॉट, त्यावर एक तहानलेली बाई पाणी पाणी म्हणतेय, आणि उशाशी दुसरी एक बाई भरलेला जग छातीशी धरून वाकून हसत आपलं नाव सांगतेय. नऊ दिवस. तिने पाणी मागितलं आणि मी म्हटलं, मधुमती. म्हणून ती मधुमती मागू लागली. मागितली की मी रिकाम्या हातांनी जायचे, तिचा हात धरून बसायचे.

अनुयाने टॅक्सी बोलावते म्हटलं, पण मधुमती तोवर दाराबाहेर होती. बस गर्दीची होती. ती खिडकीशी उभी राहिली आणि शहर मागे सरकू लागलं, दुकानं, चर्च, पेट्रोल पंप, सगळं मातकट पाण्याखालून दिसावं तसं. एक विचार मात्र काही केल्या बुडत नव्हता. हे सांगितलं नाही तर कुणालाही कळणार नव्हतं. चंपा शांत झोपून जाईल, आणि वॉर्डात वर्षानुवर्षं सांगत राहतील की ती शेवटपर्यंत मॅडीलाच हाका मारत होती. चार अक्षरांचं नाव कुणाच्या तरी ओठांवर तसंच राहील. बस सिग्नलला थांबली तेवढा वेळ तिने हा विचार केला. बस हलली तेव्हा तिला त्याची इतकी शरम वाटली की तिने काचेला कपाळ टेकलं.

पाचला सात मिनिटं कमी होती. मीटिंगच्या खोलीबाहेर समर फाइल चाळत उभा होता.

"समर, ती नाही म्हणत नाहीये," मधुमती म्हणाली. तिला धाप लागली होती.

"काकू, तुम्ही घरी गेला होता ना?"

"ऐक. ती मला हाक मारत नाहीये. नाम म्हणजे पाणी. ती पाणी मागायची, मी तिला माझं नाव सांगायचे. तिला वाटलं, इथे पाण्याला हेच म्हणतात."

समरने फाइल चाळायची थांबवली. "म्हणजे मधुमती..."

"म्हणजे पाणी. नऊ दिवस ती पाणीच मागतेय. आणि तुम्ही देता ती खळ. ती तिला पाणी वाटतच नाही, म्हणून थुंकते. साधं पाणी द्या तिला."

समर म्हणाला की साधं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, न्यूमोनिया होऊ शकतो, रिस्क आहे. मग स्वतःच्याच वाक्यावर थांबला. जी बाई पाणी नाकारते आणि जी पाणी मागते, त्या दोघींसाठी रिस्क वेगळी असते, हे त्याला आता तिने समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने फाइल मिटली. "काकू, तुम्ही एकट्याच नव्हता," तो म्हणाला. "आम्हाला पण ऐकायला येत होता." आणि आत गेला.

पेशंटचं गिळणं तपासणारी स्पीच थेरपिस्ट घरी निघाली होती, तिला कार पार्कमधून परत बोलावलं. चंपाला सरळ बसवलं, मागे उशा लावल्या. मधुमतीने पॅन्ट्रीतून ताजा जग भरून आणला. पाणी देणं तिच्या अधिकारातलं नव्हतं; ती कॉटच्या पायाशी उभी राहिली. थेरपिस्टने चमच्यात साधं, गार, पातळ पाणी घेतलं आणि ओठांशी नेलं.

चंपाने तोंड फिरवलं नाही. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. थोडा ठसका लागला. सगळे थांबले. श्वास सरळ झाला तेव्हा तिने स्वतःहून तोंड उघडलं. दुसरा चमचा, तिसरा. सहाव्या चमच्यानंतर तिने डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावरून कसलीशी घडी उलगडत गेली. त्या संध्याकाळी सलाइन काढण्याविषयी कुणी काही बोललं नाही. तक्त्यावर लिहिलं गेलं, रुग्ण पाणी मागते, दर तासाला चमच्याने द्यावं.

शनिवारी आणि रविवारी मधुमतीला सुट्टी होती. तिने घर पुसलं, कपड्यांना इस्त्री केली.

सोमवारी सातला ट्रॉलीची चाकं वाजली. खिडकीजवळून हाक आली, मा-तु-मा-ती, आणि शेजारची नर्स पाण्याचा कप घेऊन गेली. वॉर्डात आता सगळ्यांनाच अर्थ ठाऊक झाला होता, आणि चंपा चमच्यावरून कपातल्या घोटांवर आली होती. मधुमती दुसऱ्या टोकाकडून जग ठेवत ठेवत आली.

दहाला दुभाषी बाई फोनवर आली. समरने फोन पलंगावर ठेवला, स्पीकर लावला. पलीकडून दोन शब्द आले मात्र, चंपा बोलायला लागली. कुठे अडखळत, कुठे शब्द सापडेना म्हणून थांबत, पण तिने बोलणं सोडलं नाही. दुभाषी मागून येत राहिली. म्हणाली, तिच्या खिडकीतल्या झाडांना पाणी कोण घालतंय असं विचारतेय. भात पाहिजे म्हणतेय, चिकट, सुटासुटा नको. म्हणते, मी सगळं सांगत होते, पण तुमच्याकडच्या शब्दांपैकी एकच माझ्या हाताला लागला. समर हसला, सिस्टरही हसली. मधुमती कॉटपाशी जग ठेवायला वाकली होती. ती तशीच थांबली.

चंपाची नजर तिच्याकडे वळली. ती हळू आवाजात आणखी काही बोलली.

"ती म्हणतेय," फोनमधला आवाज म्हणाला, "की इथे एक बाई रोज येते. माझा हात धरून बसते, खूप बोलते. तिच्या बोलण्यातलं मला काहीच कळत नाही, पण ती आली की बरं वाटतं. इतक्या दिवसांत तिने आपलं नाव काही सांगितलं नाही. तिचं नाव काय?"

सिस्टरने मॅडी म्हणायला तोंड उघडलं. समरने तिच्या दंडाला हात लावला. सगळे मधुमतीकडे बघत राहिले, चंपाही. नाव सांगितलं तर चंपाला त्यात पाणीच ऐकू येणार होतं.

मधुमतीने सिस्टरच्या देखत कपात दोन बोटं पाणी ओतलं. कप चंपाच्या चांगल्या हाताकडे सरकवला. जगावर लाल झाकण बसवलं, ट्रॉलीची मूठ धरली, आणि नाव न सांगताच वॉर्डाबाहेर निघून गेली.